इंदापूरचा शेतसारा: पाव हाताच्या खड्ड्यात मोजलेला न्याय

सातबाऱ्यावर 'आकार' नावाचा, म्हणजे त्या जमिनीच्या शेतसाऱ्याचा, रकाना असतो. चार रुपये दहा पैसे, अकरा रुपये पंचवीस पैसे असा काहीतरी किरकोळ आकडा त्यात लिहिलेला असतो आणि खरेदीखत करताना त्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. शेजारच्या गटाचा आकार मात्र एकरी वेगळा निघतो. कधी दुप्पट, कधी निम्मा. हा फरक ज्या पद्धतीतून आला, ती प्रथम पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात १८३६-३७ साली लागू झाली. 'कर न्याय्य असावा' हे वाक्य कागदावरून शेतात उतरवताना काय काय करावे लागते आणि तरी काय निसटते, हे पाहायला इंदापूरइतके उघडे प्रकरण दुसरे नाही.

आधीची फसलेली मोजणी

१८१८ साली पेशवाई गेली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने दिले जात, मक्तेदार भरलेली रक्कम रयतेकडून काढत असे, आणि गावात कोणाच्या शेताला किती सारा हे पाटील-कुळकर्ण्यांच्या वहीत आणि गावच्या वहिवाटीत असे. मिरासदार (वंशपरंपरेने जमीन कसणारे) आणि उपरी (तसा हक्क नसलेले) यांचे दर वेगळे होते. एकाच प्रतीच्या दोन शेतांना वेगळा सारा असणे हे तेव्हा कुणाला फारसे खटकत नव्हते. नव्या सरकारला ते खटकले.

ही विषमता काढायचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. तो हेलीबरी कॉलेजात शिकलेला होता. ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी तिथे तयार होत आणि अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होता. डेव्हिड रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत तेव्हा नवा होता: पिकातून बियाणे, बैल, मजुरी आणि शेतकऱ्याचा वाजवी नफा वजा केल्यावर जे उरते तो जमिनीचा खंड. सगळ्यात हलक्या जमिनीत काहीच उरत नाही, म्हणून तिथे खंड नाही. या उरलेल्या भागावरच कर बसवला तर लागवड घटत नाही, धान्य महागत नाही आणि कष्टाच्या मोबदल्याला हात लागत नाही. कागदावर याहून न्याय्य कर सापडणे अवघड.

प्रिंगलने १८२७-२८ पासून मोजणी केली, जमिनीचे वर्ग पाडले, प्रत्येक वर्गाचे एकरी उत्पन्न आणि एकरी खर्च काढले आणि निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के भाग सरकारचा ठरवला. काही वर्षांतच इंदापुरात शेते पडीक पडू लागली. कुटुंबे निजामाच्या मुलखात निघून गेली. ठरलेला सारा वसूल होईना, दरवर्षी सूट द्यावी लागे, आणि ती सूट देण्याघेण्यात गावकामगार आणि कचेरीतले कारकून यांचे फावले.

सरकारी कागदांत याचा दोष बहुतेक वेळा लाचखाऊ मोजणीदारांवर टाकलेला दिसतो. लाच होतीच. भाव घसरले होते आणि पाऊसही दगा देत होता. पण मूळ बिघाड गणितात होता. एका एकराचे खरे उत्पन्न १०० आणि खरा खर्च ८० धरा. निव्वळ २०, त्याचे ५५ टक्के म्हणजे ११. आता अंदाज काढणाऱ्याने उत्पन्न फक्त दहा टक्क्यांनी जास्त, ११० धरले. निव्वळ झाले ३०, सारा साडेसोळा. शेतकऱ्याच्या हातात खरे २०च आहेत, म्हणजे ५५ऐवजी साडेब्याऐंशी टक्के गेले. खर्चही दहा टक्क्यांनी कमी, ७२ धरला तर निव्वळ ३८ आणि सारा २०.९. जेवढे उरते त्याहून जास्त कर! दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीवर कर बसवला की मोजणीतली लहान चूक करात कित्येक पट होऊन उतरते. आणि १८२८ साली एका एकराचा खर्च दहा टक्क्यांच्या आत मोजणे कोणाच्याच हातात नव्हते. शेतकऱ्याचे स्वतःचे बैल, घरच्या बाईमाणसाची मजुरी, बलुतेदारांना दिलेले धान्य, यांची किंमत कोणत्या भावाने लावायची?

गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काय सोडून दिले

१८३५ साली इंदापूरची फेरमोजणी मुलकी खात्यातल्या एच. ई. गोल्डस्मिडकडे आली. त्याच्या जोडीला मुंबई इंजिनिअर्समधला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट आला. त्यांच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी एक प्रश्न विचारणेच बंद केले. या शेताचे निव्वळ उत्पन्न किती, हे त्यांनी शोधले नाही. हे शेत त्या शेताच्या मानाने किती आण्यांचे, एवढेच शोधले. उत्तम जमीन सोळा आणे, बाकीच्या तिच्या खाली. रुपयाचे सोळा आणे प्रत्येकाच्या तोंडी होते, त्यामुळे हिशेब रयतेलाही समजे.

आधी मोजणी. शंकू आणि साखळी ही साधने. साखळी ३३ फुटांची, तिचेही सोळा आणे, म्हणजे एक आणा २ फूट पाऊण इंचाचा. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आज प्लॉटची जाहिरात 'पाच गुंठे' म्हणते तेव्हा ती याच साखळीत बोलत असते. जमीन 'नंबरां'त विभागली. कोरडवाहू नंबर साधारण एका बैलजोडीला पेलेल एवढा, म्हणजे वीसेक एकरांचा, पाडायचा असे ठरले. हद्दीला दगड आणि बांध. सारा माणसावर बसवलेला नव्हता, नंबरावर होता.

मग प्रतवारी. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. त्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्याबरोबर डेव्हिडसन या तिसऱ्या मोजणी अधिकाऱ्याची सही आहे. प्रतवारी करणारा कारकून नंबराचा कच्चा नकाशा काढून त्याचे सारखे भाग पाडतो, प्रत्येक भागात खणतो आणि दोनच गोष्टी बघतो: माती कोणत्या जातीची आणि किती खोल.

जाती तीन. पहिली, बारीक एकजीव पोताची, काळी ते गर्द तपकिरी. दुसरी, पोत एकसारखा पण जाडसर, रंग फिकट, बहुधा तांबूस. तिसरी भरड, मुरमाड, हातात भुरभुरणारी. खोली 'हात' या मापाने मोजायची, एक हात म्हणजे साधारण दीड फूट. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असेल तर प्रत पहिली, सोळा आणे. दीड हात असेल तर दुसरी, चौदा आणे. सव्वा हाताला बारा, एक हाताला दहा, पाऊण हाताला आठ, अर्ध्या हाताला सहा, पाव हाताला साडेचार. दुसऱ्या जातीची माती त्याच खोलीला एक प्रत खाली धरायची: पावणेदोन हाताला चौदा, दीड हाताला बारा, असे उतरत पाव हाताला तीन आणे. तिसऱ्या जातीची माती एक हात असली तरी सहाच आणे, आणि पाव हात असली तर दोन. ही नववी आणि शेवटची प्रत. पावणेदोन हाताच्या पुढे खोली मोजतच नसत. ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू शेतात ओल धरायला तेवढी पुरे, असे त्यांनी धरले होते.

वर दोष. चुनखड, वाळूचे मिश्रण, उतार, मातीला चिकटपणा नसणे, पाणी आत न मुरणे, ओढ्याच्या पाण्याने धुपणे, झऱ्यामुळे उपळट होणे. प्रत्येकाला वेगळी खूण ठरलेली. एका दोषाला एक प्रत खाली.

एक नंबर उदाहरणासाठी सोडवून पाहू. वीस एकर, आठ सारखे भाग. पहिल्या भागात पहिल्या जातीची माती पावणेदोन हात: १६ आणे. दुसऱ्यात तीच दीड हात: १४. तिसऱ्यात पावणेदोन हात, पण उतार आहे, एक प्रत खाली: १४. चौथ्यात सव्वा हात, म्हणजे तिसरी प्रत, पण चुनखडही आणि उतारही, दोन प्रती खाली जाऊन पाचवी: ८. पाचव्यात दुसऱ्या जातीची माती सव्वा हात: १०. सहाव्यात तीच एक हात: ८. सातव्यात अर्धा हात: साडेचार. आठव्या कोपऱ्यात मुरमाड माती अर्धा हात, आठवी प्रत, वर ओढ्याची धूप, म्हणून नववी: २. बेरीज साडेशहात्तर, भागिले आठ, म्हणजे ९ आणे पावणेसात पै (बारा पैंचा एक आणा). गावाचा कमाल दर, म्हणजे सोळा आणे प्रतीच्या जमिनीचा दर, एकरी एक रुपया असेल तर नंबराचा आकार ११ रुपये १५ आणे. बाजारापासून लांब पडलेल्या गावाचा कमाल दर बारा आणे असेल तर तशाच नंबराला तिथे ८ रुपये १५ आणे. पाऊसमान, बाजाराचे अंतर आणि शेतीची एकूण रीत पाहून तालुक्यातल्या गावांचे गट पाडलेले असत आणि गटागटाचा कमाल दर वेगळा असे.

आता चूक किती अंगावर येते ते पाहा. एखाद्या भागात कारकुनाचा खड्डा पाव हाताने चुकला, तर प्रत एकीने हलते. दोन आण्यांचा फरक आठ भागांत वाटला की पाव आणा. म्हणजे आकारात अडीच-तीन टक्के. प्रिंगलच्या पद्धतीत दहा टक्क्यांच्या चुकीला पन्नास टक्के फटका होता.

दुसरा फायदा त्याहून मोठा. खड्डा पुन्हा खणता येतो. वरचा अधिकारी काही नंबर निवडून स्वतः खणून पाहू शकतो, शेतकरीही हात लावून दाखवू शकतो. 'तुझा खर्च आम्ही ८० धरला' याच्याशी भांडता येत नाही. 'इथे दीड हात माती नाही' याच्याशी येते. शिवाय प्रतवारी करणाऱ्याला फक्त आणे लिहायचे होते. दर नंतर, वरून ठरायचा. लाच देऊनही नेमके किती रुपये वाचतील, हे देणाऱ्यालाही सांगता येत नसे. लाच थांबली असे नव्हे, पण तिची किंमत ठरवणे अवघड झाले.

एकूण किती, याला नियम नव्हता

प्रतवारीने नंबरानंबरातला वाटा ठरवला. पण तालुक्याचा एकूण सारा किती असावा? इथे गोल्डस्मिड-विंगेट यांच्याकडे सूत्र नव्हते, आणि त्यांनी ते असल्याचा आवही आणला नाही. मागच्या अनेक वर्षांची वसुली, सुटी, लागवडीखालचे क्षेत्र आणि भाव समोर मांडायचे. कोणत्या पातळीच्या साऱ्याला लागवड वाढली आणि कोणत्या पातळीला माणसे पळाली हे बघायचे, आणि अनुभवाने आकडा धरायचा. इंदापुरात त्यांनी तो उतरवून धरला. ३० वर्षे बदलणार नाही अशी हमी दिली. सारा भरत राहिला तोवर नंबर त्याचा, नको असेल तर वर्षअखेर राजीनामा देऊन सोडता येईल. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली आणि नंतर वऱ्हाडातही.

ॲडम स्मिथने १७७६ साली कराच्या चार कसोट्या सांगितल्या होत्या: समता, निश्चितता, भरणाऱ्याची सोय आणि वसुलीतली काटकसर. निश्चिततेत इंदापूर पैकीच्या पैकी. सोयीत मात्र नापास, आणि त्याचे कारण निश्चितताच. आकार सरासरी वर्षासाठी ठरला होता. भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यातल्या त्या अवर्षणी पट्ट्यात सरासरी वर्ष फार क्वचित येते. चांगल्या साली शेतकऱ्याने शिल्लक ठेवावी आणि वाईट साली त्यातून भरावे, हा हिशेब. त्यासाठी शिल्लक टिकवण्याची सोय लागते. ती नव्हती. होता तो सावकार. ज्वारी विकली जाण्याआधी हप्त्याची तारीख आली की कर्जरोख्यावर अंगठा. जुन्या राजवटीत दर वर्षी घासाघीस होई, त्यात अन्याय भरपूर होता, पण दुष्काळात मागणी आपोआप सैल पडे. नव्या पद्धतीत शेताशेतातला अन्याय गेला आणि सालासालातला आला.

याची डागडुजी पुढे तहकुबीच्या नियमांनी झाली. पूर्ण पीक सोळा आणे धरून, पीक सहा आण्यांहून कमी असेल तर निम्मा सारा तहकूब, चार आणे किंवा कमी असेल तर सगळा. गुजरातेतला १९१८ चा खेडा सत्याग्रह पीक चार आण्यांच्या आत की वर, याच वादावर उभा होता. हे आणे पिकाचे, वरचे आणे मातीचे. शब्द दोन्हीकडे आणेवारी असल्याने घोळ होतो. आजची ५० पैशांच्या आतली पैसेवारी ही पिकाच्या आणेवारीची वारसदार आहे, प्रतवारीशी तिचा संबंध नाही.

तीस वर्षांनंतर

मुदत संपली ती नेमकी वाईट वेळी. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्याबरोबर धान्यही चढले होते. रेल्वे १८६० पर्यंत सोलापूरला पोचली होती. १८६७ साली इंदापूरची फेरआकारणी करताना हे चढे भाव अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि जुन्या मोजणीतल्या चुका दुरुस्त करतानाही कित्येक नंबरांचे क्षेत्र वाढले. तालुक्याचा सारा मोठ्या प्रमाणात चढला, काही खात्यांवर दुपटीहून अधिक. प्रतवारीची कोष्टके तीच होती, पाव हातापर्यंत अचूक. चुकला तो वरचा आकडा. भाव कोसळले, आकार कोसळला नाही.

१८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध गावोगावची माहिती जमवून सरकारकडे मांडली. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले आणि लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. या दंगलींच्या चौकशी आयोगाचा मुख्य रोख सावकारीवर राहिला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. आयोगातल्या ऑकलंड कॉल्विन यांनी मात्र साऱ्याच्या ताठर वसुलीवर वेगळे टिपण लिहून बोट ठेवले. दंगलीचे किती माप साऱ्याच्या पदरात घालायचे यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. सारा हे एकमेव कारण नव्हते, पण सावकाराच्या दारात नेणाऱ्या वाटेवर तो होता, असे म्हणण्याइतका पुरावा आहे.

सरकारने १८७४ मध्येच एक मर्यादा घातली: फेरआकारणीत तालुक्याची किंवा गावांच्या गटाची वाढ ३३ टक्क्यांच्या आत, एका गावाची ६६ टक्क्यांच्या आत, एका खात्याची १०० टक्क्यांच्या आत. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने आणखी एक चांगली गोष्ट पक्की केली: खातेदाराने स्वतःच्या पैशाने विहीर खणली, ताल (बांध) घातली, तर त्या सुधारणेवर फेरआकारणीत सारा चढवायचा नाही. रिकार्डोचे तत्त्व शेवटी आले ते असे, मागच्या दाराने.

एकूण आकडा काढण्याचे सूत्र सापडत नाही तेव्हा वाढीला लगाम घालायचा, ही युक्ती तेव्हापासून चालत आली आहे. मुंबई महापालिकेने १ एप्रिल २०१० पासून मालमत्ता कर भाडेमूल्यावरून भांडवली मूल्यावर नेला, तेव्हाही निवासी मालमत्तेचा कर आधीच्या दुपटीहून जास्त वाढणार नाही अशी मर्यादा कायद्यात घातली. एका खात्याला १०० टक्के, तोच आकडा. आणि मर्यादा घातली म्हणजे आकडा न्याय्य झाला असे होत नाही, हे गुजरातेतल्या बारडोलीने दाखवले. तिथली साऱ्याची वाढ सुमारे २२ टक्के होती, म्हणजे ३३ च्या पुष्कळ आत. १९२८ च्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली तेव्हा ज्या खंडाच्या आकड्यांवर ती वाढ उभी होती ते भरवशाचे नाहीत असे आढळले, आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली.

एक गोष्ट या सगळ्या दुरुस्त्यांत कुठेच आली नाही. नंबराला आणे होते, माणसाला नव्हते. पाच एकर मुरमाड जमिनीवर आठ माणसे जगवणारा आणि दोनशे एकरांचा धनी, दोघांनाही त्याच प्रतीला तोच दर. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी नेमके हेच मांडले: प्राप्तिकर मिळकत नसेल त्या साली द्यावा लागत नाही, शेतसारा मात्र पीक बुडाले तरी द्यावा लागतो, आणि लहान-मोठ्या सगळ्या शेतकऱ्यांना तो एकाच दराने लागतो. विंगेटच्या कोष्टकात याला उत्तर नव्हते, कारण कर जमिनीवर आहे आणि जमिनीला पोट नसते, हे त्याचे गृहीतच होते.

भूमी अभिलेख कार्यालयात प्रतबुके, म्हणजे प्रतवारीच्या नोंदवह्या, आजही सांभाळलेली आहेत. वाटणीत पोटहिस्से पडले की त्या नंबराचा आकार हिश्शाहिश्शावर फोडून लावावा लागतो. त्याला आकारफोड म्हणतात. चार भावांत अकरा रुपये फोडले जातात, आणि कुणाच्या सातबाऱ्यावर दोन रुपये साठ पैसे येतात, कुणाच्या तीन रुपये दहा.